केमोनंतरचा ताप आणि घरातलं हॉस्पिटल : या चुका टाळा

नाशिकमध्ये होमकेअरचा ब्रदर म्हणून सिडको, सातपूर, पंचवटी असं दिवसरात्र गाडीवर फिरतो, आणि केमोच्या पेशंटला ताप आला की घराघरात तेच तेच घोळ बघून आता वैताग आलाय, म्हणून लिहितोय.

पहिला घोळ म्हणजे ६५० ची, म्हणजे पॅरासिटामॉलची गोळी. ताप आला की गोळी द्यायची आणि पांघरूण घालून झोपवायचं, हे आपल्या अंगात मुरलंय. पण केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिलच उरल्या नाहीत तर पू होत नाही, सूज येत नाही, खोकलाही धड येत नाही, ताप ही एकच खूण उरते आणि आपण तीच पुसतो. मागच्या थंडीत सिडकोतल्या एका काकांना केमोच्या दहाव्या दिवशी रात्री ११ ला १०१.२ ताप. गोळी दिली, एक वाजता उतरला, घरचे खूश होऊन झोपले. सकाळी सहाला सुनेचा फोन, "दादा, थर्मामीटर ९७ दाखवतोय, पण बाबा काहीतरी भलतंच बोलतायत." जाऊन बघतो तर वरचं बीपी ८०, हातपाय गार. काका वाचले, पण आयसीयूत नऊ दिवस काढून. त्या सात तासांचं काय ते तुम्हीच समजा, कारण अशा तापात हॉस्पिटलला पोचल्यावर पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेत जायला हवं, त्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात कुठले जंतू आहेत ते बघायची तपासणी.

म्हणून १०१ एकदा जरी दिसला किंवा १००.४ तासभर टिकला तर आधी डॉक्टरांना फोन, गोळी त्यांनी सांगितली तरच. फोन लागत नसेल तर गाडी काढा. मी तर फाइलच्या कव्हरवर मार्करने शेवटच्या केमोची तारीख मोठ्ठी लिहून ठेवतो आणि घरच्यांना एक वाक्य पाठ करायला लावतो, "केमोचा पेशंट आहे, दहावा दिवस आहे, ताप आहे." कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या हे बोलायचं, लाजून बाकावर बसून राहायचं नाही.

थर्मामीटर काखेत लावला तर कमी दाखवतो, चहा पिऊन लगेच तोंडात धरला तर जास्त. गुदद्वारात कधीच लावायचा नाही, एनिमा नाही, तिथून द्यायची औषधंही नाहीत.

रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचा नुसता टोटल काउंट बघू नका. १२०० काउंट आणि त्यात ३० टक्के न्यूट्रोफिल म्हणजे हाताशी फक्त ३६०, आणि ५०० च्या खाली धोका असतो.

आता "हॉस्पिटल नको, घरीच सलाईन लावा" म्हणणारे. घरी करता येतं, पण कुणाचं ते डॉक्टर स्कोअर काढून ठरवतात, मॅस्क (MASCC) नावाचा, अशा तापातला धोका मोजणारा स्कोअर २१ किंवा वर असेल तर धोका कमी धरतात, शिवाय घरात चोवीस तास माणूस हवं आणि हॉस्पिटल तासाभराच्या आत हवं. लांब सुरगाण्याकडून येणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो, तेवढे दिवस नाशकातच कुणाकडे तरी राहा.

आणि घरी केलंच तर घड्याळ पाळा ना राव! दुसरा माझा डोक्यात जाणारा प्रकार हाच. नाशिकरोडला एका पेशंटला दर सहा तासांनी पिपरासिलिन टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक शिरेतून चालू होतं, रात्री दोनचा डोस द्यायला आमची सिस्टर थंडीत तिथवर गेली, तर वॉचमन आत सोडेना आणि घरच्यांचे फोन सायलेंटवर. सकाळी मुलगा म्हणतो, "बाबांना झोप लागली होती हो, आता दोन डोस एकदम द्या की." हा काय चुकलेला हप्ता आहे का? या औषधाचं रक्तातलं प्रमाण सतत टिकलं तरच ते जंतू मारतं, मध्ये खड्डा पडला की जंतूंना मोकळं रान, नंतर डबल देऊन तो भरून येत नाही. तेव्हापासून मी संध्याकाळीच वॉचमनच्या हातात सिस्टरचं नाव लिहिलेली चिठ्ठी देतो आणि घरातले दोन फोन फुल रिंगवर ठेवून घेतो, कुणाला राग आला तर येऊ दे. आणि हो, ताप उतरला म्हणून मनानेच औषध बंद करणारेही याच जातीचे.

पिक लाइनला, म्हणजे औषधासाठी दंडाच्या शिरेतून आत घातलेल्या नळीला, हात लावायच्या आधी टोक स्पिरिट स्वॅबने पंधरा सेकंद घासायचं, नुसतं टेकवायचं नाही. फ्लश, म्हणजे नळी सलाईनने धुणं, १० एमएलच्या सिरिंजने, छोट्या सिरिंजने प्रेशर जास्त येऊन लाइन फाटू शकते. यूट्यूब बघून फ्लश करणाऱ्या भाच्यांना तर मी खोलीबाहेर काढतो.

पपईच्या पानांचा कच्चा रस नको, रामकुंडाचं तीर्थ देवघरातच राहू दे. दिंडोरीचे पाहुणे द्राक्षं घेऊन येतात, प्रेमाने येतात, पण द्राक्षं नीट धुतल्याशिवाय नको आणि सर्दी असलेला पाहुणा तर मुळीच नको.

वरचं बीपी ९० च्या खाली, धाप, बरळणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ लावा किंवा सरळ हॉस्पिटल गाठा. मला फोन करत बसू नका, मी तेव्हा द्वारका चौकात अडकलेलो असतो.