तांबट आळीतला तांबट

मी बार्शीहून पुण्यात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते, तेव्हा पहिली असाइनमेंट मिळाली: 'शहरातला निसर्ग', पंचवीस फोटो. कॅमेरा मामेभावाचा, जुना. तीन रविवार हनुमान टेकडीवर घालवले, एक वेताळ टेकडीवर. जवळजवळ आठशे फोटो निघाले. मोर झुडपामागे, घार म्हणजे आभाळातला ठिपका आणि सूर्यास्त अकरा. सरांनी लॅपटॉपवर भराभर खाली-वर केलं आणि एका फोटोवर थांबून विचारलं, "हे झाड कोणतं?" मला सांगता येईना. "बरं, आहे कुठे?" तेही आठवेना. त्यांनी लॅपटॉप मिटला.

फोटोग्राफी किंवा पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला नुकत्याच आलेल्यांसाठी हे लिहितेय. कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. फोन चालतो.

दुसऱ्या सेमिस्टरचा विषय होता 'रोजचं जगणं'. म्हटलं, सुटलो टेकडीतून! फेब्रुवारीत कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेले. इथे हाताने तांब्याचे हंडे, बंब, घंगाळी घडवतात. भांडं ठोकून त्यावर एकसारखे ठोके उमटवायचे, याला मठारकाम म्हणतात. एका दुकानाच्या दारात उभी राहून मी हातोडीचा ठेका ऐकत होते. मधेच काकांनी हात थांबवला, तरी 'टुक टुक टुक' चालूच. आवाज मागच्या उंबरावरून येत होता. तांबट पक्षी! चिमणीपेक्षा जरा मोठा, हिरवा, कपाळाला आणि गळ्याखाली लाल. तांब्यावर हातोडी पडावी तसा ओरडतो म्हणून नाव तांबट. ते नाव मला पुस्तकातून माहीत होतं, पण आळी आणि पक्षी एका फ्रेममध्ये येऊ शकतात हे डोक्यातच आलं नव्हतं. मी निसर्गाला टेकडीवर ठेवलं होतं आणि माणसांना पेठेत.

फोनमध्ये एवढासा पक्षी मोठा दिसत नाही, आणि झूम करत गेलं की नुसता लगदा होतो. म्हणून पक्षी लहानच राहू दिला. खाली पत्रे, वायरींचं जाळं, वाळत घातलेली चादर, वर वाळक्या फांदीच्या टोकाला तो. तो माझा पहिला बरा फोटो. वाळकी फांदी मुद्दाम शोधा, कारण तांबट तिथेच ढोली कोरतो.

आतलं मठारकाम टिपताना घोटाळा वेगळा. तांबं चकाकतं, दुकान अंधारं, आणि कॅमेरा दोन्हीच्या मधला उजेड धरतो. मग भांड्याचा चकाकता भाग नुसता पांढरा ढब्बा होतो. स्क्रीनवर चकाकीवर बोट दाबून धरा, उजेड लॉक झाला की बोट खाली ओढा. दुकान काळं पडलं तर पडू दे, ठोके उठून दिसतात. आणि फ्लॅश अजिबात नको.

त्यानंतर मी वर्षभर तीच आळी धरली, दर पंधरवड्याला सकाळी आठच्या सुमारास. पावसाळ्यात जुन्या भिंतींवर शेवाळ चढलं, भेगांतून पिंपळाची रोपं डोकावली. एका भिंतीवर करडे पापुद्रे दिसले. ते दगडफूल होतं, म्हणजे आई गोड्या मसाल्यात घालते त्याच जातकुळीतलं. (आधी ते मला रंगाचे पोपडे वाटले होते.) फुलं पाहायची असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत निष्पर्ण काटेसावर गाठा. साळुंक्या, शिंजीर, खारी सगळे स्वतःहून येतात, तुम्ही फक्त खाली उभं राहायचं. बहावा आणि ताम्हण एप्रिल-मेमध्ये.

नोंदी त्याच दिवशी लिहा: तारीख, वेळ, जागा, झाडाचं नाव. नाव येत नसेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर टाका. फोटो, तारीख, ठिकाण दिलं की लोक ओळख सुचवतात. किमान दोन ओळखी आल्या आणि दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं जातीवर एकमत झालं की नोंद 'रिसर्च ग्रेड', म्हणजे संशोधनाला वापरण्याजोगी, होते. मात्र मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखी पाठवली की ती आकसते आणि तारीख-ठिकाणाची माहितीही जाते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. माझे पहिले दोन महिने असेच गेले.

घरट्याच्या वाटेला जाऊ नका. आमच्या बॅचमधल्या एकाने आड येणारी फांदी दोरीने बाजूला बांधली. फोटो सुंदर आला, पण दोन दिवसांनी घरटं रिकामं होतं. स्पीकरवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं हाही त्यातलाच प्रकार. लष्करी हद्दीत मनाईचे फलक असतात, तिथे कॅमेरा बॅगेतच ठेवा.

माणसांचं सांगायचं तर आधी विचारायचं, एवढं सगळे शिकवतात. काका मला तिसऱ्या खेपेला म्हणाले, "अगं, फोटो तर सगळे काढतात, देत कुणीच नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या वेळी प्रिंट घेऊन गेले, खर्च किरकोळ होता. त्या दिवसापासून आत बसायला पाट मिळाला, चहा मिळाला आणि भट्टीजवळ उभं राहायची मुभाही. पोर्टफोलिओतले निम्मे फोटो त्यानंतरचे आहेत. मुलाखतीत विचारतातही त्याच फोटोंबद्दल, लेन्सबद्दल आजवर एकानेच विचारलं.

काकांना दोन प्रिंट दिल्या होत्या, एक त्यांची मठारताना आणि एक उंबरावरच्या तांबटाची. मागच्या महिन्यात गेले तर कॅलेंडरशेजारी एकच लावलेली होती. पक्ष्याची.