वस्तरा उजळवताना, हाडाची मूठ जुनवताना: या चुका टाळा

जुना वस्तरा हातात आला की लगेच गंज घासायला बसू नका. आधी पातं उजेडात धरून धारेची कड भिंगातून पाहा. पाठीवरचा (धारेसमोरच्या जाड कडेवरचा) आणि पोटातला गंज निघतो. कडेवरचे काळे खड्डे मात्र बहुधा खोल गेलेले असतात, आणि धार लावताना नेमकी तिथलीच कड तुटते. कडेला चीर दिसली तर तो वस्तरा कपाटात शोभेला ठेवावा, गालावर फिरवू नये. शिक्का इंग्लंडच्या शेफील्डचा असो की जर्मनीच्या सोलिंगेनचा, याला अपवाद नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ग्राइंडर. धारेची कड इतकी पातळ असते की चाकाला क्षणभर टेकली तरी २०० अंशांच्या वर जाते. पिवळसर, तपकिरी आणि मग निळी झाक दिसली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं समजा. ते घरी परत देता येत नाही. म्हणून हातानेच घासा. पातं लाकडी ठोकळ्यावर सपाट टेकवा आणि शिलाई मशीनच्या तेलात भिजवलेला वॉटर पेपर ४००, ६००, १०००, २००० या क्रमाने वापरा. हे सगळे नंबर नागपूरच्या इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. हात पाठीकडून धारेच्या बाहेर जाऊ द्या, उलट कधीच नाही. पात्यावर सोनेरी अक्षरं असतील तर तिथे मेटल पॉलिश लावू नका, तो मुलामा एका पुसण्यात जातो.

दगडावर धार लावताना पाठ उचलणं ही सवयीची चूक आहे. सुरीला कोन हाताने द्यावा लागतो. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवली की कोन आपोआप साधतो. दगडांचे नंबर क्रमाने १०००, ४०००, ८०००, शेवटी १२०००, आणि दरवेळी दाब आधीपेक्षा कमी. चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे. वळवताना पातं पाठीवरून पलटा. धारेवरून पलटलं तर पट्टाही कापतो आणि धारही बोथट होते.

आता मूठ. ती हाडाचीच आहे का, हे तापवलेली सुई टोचून पाहू नका. जुनी सेल्युलॉइडची (एक जुनं प्लास्टिक) मूठ झटकन पेट घेते. भिंगातून बारीक काळे ठिपके किंवा तुटक रेषा दिसल्या तर हाड. एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत. त्याच्या खरेदी-विक्रीवर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, त्या वाटेला जाऊच नका.

जुनवणं म्हणजे हाडाला जुनं दिसेल असा रंग देणं. तो डागाडागांनी चढतो, त्याचं कारण बहुतेक वेळा आत उरलेली चरबी. मूठ सुटी करून तिच्या दोन्ही पट्ट्या भांडी धुण्याच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात दिवसभर ठेवा, सुकल्यावर ॲसिटोनने पुसा. उकळू नका: हाडातला चिवट भाग विरघळतो आणि पट्टी वाकते, ठिसूळ होते. व्हिनेगर किंवा लिंबू लावलं की पृष्ठभाग खडूसारखा मऊ पडतो. घासायचं असेल तर ओलं घासा आणि मास्क लावा, हाडाची भुकटी फुप्फुसाला चांगली नाही.

रंगासाठी अर्धा लिटर पाण्यात ५० ग्रॅम चहापत्ती उकळा (दूध-साखरेशिवाय, अर्थात), गाळा, कोमट होऊ द्या आणि पट्ट्या रात्रभर बुडवून ठेवा. भांडं काचेचं किंवा स्टीलचं. लोखंडी कढईत केलं, किंवा जुन्या लोखंडी पिनेचा तुकडा भोकात राहिला, तर चहातलं टॅनिन लोखंडाशी मिळून करडे-काळे डाग पाडतं. जास्त गडद हवं तर पोटॅशियम परमँगनेट, अर्धा लिटरला १ ग्रॅम. सुरुवातीला दिसणारा जांभळा रंग पाहून घाबरू नका, तो थोड्या वेळाने तपकिरी होतो. द्रावण एकदम घट्ट करण्यापेक्षा दोन-तीनदा बुडवा. ग्लिसरीन याच्या जवळही आणू नका, दोन्ही एकत्र आली की पेटतात.

सगळीकडे सारखा रंग म्हणजे खोटेपणाची पावती. वापरलेली मूठ बोटं लागतात तिथे फिकट आणि गुळगुळीत, वॉशरच्या भोवती आणि खाचांत गडद असते. म्हणून रंग सुकल्यावर कडा आणि मधला भाग २००० च्या पेपरने हलकेच उघडा.

नागपुरात खरी पंचाईत सुकवण्यात होते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना ओल्या पट्ट्या गच्चीवर ठेवल्या तर दुपारपर्यंत त्या धनुष्यासारख्या वाकतात. वरची बाजू आधी आकसते, खालची ओलीच राहते. दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये पट्ट्या दोऱ्याने बांधून सावलीत तीन-चार दिवस ठेवा. पंख्याच्या थेट झोताखालीही नको. नंतर मेडिकलमधून आणलेलं लिक्विड पॅराफिन हलकंसं चोळा. खोबरेल कालांतराने खवट होतं.

जोडताना पिनेसाठी १.६ मिमीची पितळी तार घेतली तर भोक १.७ मिमी पाडा. घट्ट पिन ठोकल्यावर फुगली की हाड भोकापासून फाटतं. हातोडी लहान, ठोके हलके आणि पुष्कळ. एका दणक्यात पिन बसवायला गेलेल्यांच्या मुठी दोन तुकड्यांत परत येतात. पातं अडकत असेल तर पिन आणखी ठोकू नका, वॉशर बदला.

कूलरच्या खोलीत वस्तरा उघडा ठेवू नका. तिथे भर उन्हाळ्यातही गंज धरतो, पावसाळ्यात तर कुठेही. पात्यावर मशीन ऑइलचा पातळ हात फिरवून वस्तरा सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवा, पण सेल्युलॉइडच्या मुठीचा वस्तरा त्याच डब्यात नको: तिच्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ शेजारचं पातंही खाते.