रॉकेटनं गेलेलं पत्र कसं ओळखायचं

रॉकेट टपाल, म्हणजे रॉकेटमध्ये घालून पाठवलेलं पत्र, म्हणून मी संग्रहासाठी घेतलेला पहिला लिफाफा कधी उडालाच नव्हता. त्यावर रॉकेटचं सुरेख रंगीत लेबल होतं. टपालाचा शिक्का मात्र एकही नव्हता. ते लेबल म्हणजेच तिकीट, असं मला तेव्हा वाटलं होतं. म्हणून सांगतो, चित्र नंतर बघा, आधी शिक्के वाचा.

१९३०च्या दशकातली बरीच टपाल-रॉकेटं हौशी प्रयोगकर्त्यांनी उडवली. लेबलं ते स्वतःच छापून घेत आणि विकून खर्च भागवत. (क्यूबाची गोष्ट वेगळी. १९३९च्या प्रयोगासाठी तिथं हवाई टपालाच्या सरकारी तिकिटावरच जादा मजकूर छापला होता.) तेव्हा लेबलाशेजारी त्या देशाचं खरं तिकीट आहे का, शिक्का मारून ते रद्द झालंय का, शिक्क्याची तारीख उड्डाणाशी जुळते का, हे भिंगाखाली बघा. फ्रीड्रिख श्मीडल यांनी २ फेब्रुवारी १९३१ रोजी ऑस्ट्रियातल्या शॉकल डोंगरावरून पाठवलेली पत्रं फक्त १०२ होती. त्यातलं एखादं सहज समोर आलं, तर थांबा आणि जाणकाराला दाखवा.

माझा जीव रमतो तो भारतात टपाल-रॉकेटं उडवणाऱ्या स्टीफन स्मिथ यांच्यात. ३० सप्टेंबर १९३४ रोजी त्यांनी जहाजावरून बंगालमधल्या सागर बेटाकडे सोडलेलं पहिलं रॉकेट हवेतच फुटलं. पण गडी थांबला नाही. पुढच्याच वर्षी सिक्कीमच्या महाराजांच्या पाठिंब्यानं तिथं प्रयोग केले, आणि १९४४पर्यंत सुमारे २७० रॉकेटं सोडली. एवढं काम एका माणसाचं आहे, की संग्रह त्यांच्यापुरता ठेवला तरी भरगच्च होतो. त्यांच्या अनेक लिफाफ्यांवर सही असते. खात्रीच्या दोन-तीन सह्यांचे फोटो जवळ ठेवा आणि प्रत्येक नवी सही त्यांच्याशी ताडून बघा.

सुरुवातीला १९५९चं अमेरिकी पत्र घ्यावं. ८ जूनला ‘बार्बेरो’ पाणबुडीतून रेग्युलस क्षेपणास्त्रानं ३००० पत्रं गेली. ती मुबलक आहेत, त्यामुळे नजर तयार होते.

जळक्या लिफाफ्यांना घाबरू नका. जर्मन प्रयोगकर्ते गेरहार्ड झुकर यांचं रॉकेट २८ जुलै १९३४ रोजी स्कॉटलंडच्या स्कार्प बेटावर फुटलं आणि पत्रं होरपळली. तिथं जळकी कड हाच पुरावा असतो. फक्त आतला कागदही त्याच जागी होरपळलाय का, ते पाहा. काडी लावून वरवर केलेली जळण सहसा लिफाफ्यावरच राहते. अशी कड कातरू नका, पुसू नका. लेबल पाण्यात सोडवायचा मोह तर अजिबात नको, कारण लिफाफ्यावरून निघालेल्या लेबलाला उड्डाणाचा आधारच उरत नाही. पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा, पीव्हीसी प्लास्टिकचं टाळा, आणि उड्डाणाची तारीख, ठिकाण, निकाल यांची नोंद अल्बमच्या पानावर पेन्सिलीनं करा, लिफाफ्यावर नाही.