पावसाआधीची शाकारणी : मंगळुरी कौलांचे छप्पर घरच्या घरी कसे दुरुस्त करावे

कोकणात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पोहोचतो आणि त्याआधी मे महिन्यात वळवाच्या सरी येऊन जातात. म्हणून शाकारणीचे काम एप्रिलमध्ये सुरू करून मेच्या मध्यापर्यंत उरकावे. बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधील ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने 1865 मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तेथून पसरलेल्या या कौलांखाली आजही कोकण-गोव्यातील असंख्य घरे उभी आहेत. चांगले भाजलेले कौल सहसा स्वतःहून निकामी होत नाही. ते जागेवरून सरकते, त्याच्या खाचेत कचरा साचतो, त्याखालची रीप (कौले अडकवण्याची आडवी लाकडी पट्टी) कुजते किंवा माकडांच्या उड्यांनी आणि पडलेल्या नारळाने ते फुटते. त्यामुळे दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा कौल उचलणे, साफ करणे आणि नीट बसवणे. त्यावर काहीतरी थापणे नव्हे.

सर्वप्रथम गळती कोठे आहे ते शोधावे. पाणी जेथे जमिनीवर ठिबकते, त्याच्या नेमके वर भोक असेलच असे नाही, कारण आत शिरलेले पाणी रिपेवरून किंवा वाशावरून उताराच्या दिशेने वाहत जाते आणि अडथळा आला की तेथे खाली पडते. भर दुपारी दारे-खिडक्या लावून माळ्यावर उभे राहिल्यास फटींतून येणारा उजेड दिसतो. दोन कौलांच्या सांध्यांतून येणारी अंधूक रेघ स्वाभाविक असते. उन्हाचा स्पष्ट कवडसा मात्र तुटलेले किंवा सरकलेले कौल दाखवतो. अशा प्रत्येक ठिकाणी जवळच्या रिपेवर खडूने खूण करावी. वाशावर जुन्या ओलीचे काळपट ओघळ दिसले, तर ते वरच्या बाजूला जेथे सुरू होतात तेथपर्यंत माग काढावा.

छपरावर चढण्याची गरज वाटते तितकी नसते. माळ्यावरून हात पोहोचत असेल, तर बरीचशी कौले आतूनच उचलून बदलता येतात आणि माझ्या मते तोच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. चढावेच लागले, तर सकाळी, छप्पर कोरडे असताना आणि खाली एक माणूस उभा ठेवूनच चढावे. शिडी टेकवताना दर चार फूट उंचीमागे तिचा पाय भिंतीपासून सुमारे एक फूट दूर ठेवावा. कौलांवर थेट पाय न देता आढ्याला पक्की बांधलेली आडव्या पट्ट्यांची फळी पाख्यावर (छपराच्या उतारावर) पसरून वजन तिच्यावर टाकावे. कमरेला दोर असावा. घरात येणारी विजेची तार छपराजवळून जात असेल, तर त्या बाजूचे काम स्वतः करू नये. हातमोजे वापरावेत, कारण कौलांखाली विंचू हमखास दडलेले असतात.

फुटके कौल काढताना त्याच्या वरच्या ओळीतील कौलाची खालची कड लाकडी पाचर सारून किंचित उचलावी. कौलाच्या पाठीवर दोन खुंट्या असतात आणि त्या रिपेला अडकलेल्या असतात. फुटके कौल थोडे वर उचलून त्या खुंट्या सोडवल्या, की ते खालच्या दिशेने अलगद ओढून काढता येते. नवे कौल त्याच वाटेने आत सारावे आणि खुंट्या रिपेवर बसल्याची खात्री हाताने चाचपून करावी. खुंट्या तुटलेले कौल वरून धडधाकट दिसले तरी पुन्हा वापरू नये, कारण पहिल्या वादळात ते घसरते. बदली कौल निवडताना बोटाच्या पेराने ठोकून पाहावे: खणखणीत आवाज आला तर ते ठीक, बद्द आवाज आला तर त्यात चीर आहे. निरनिराळ्या कारखान्यांच्या साच्यांतील खाचा एकमेकींत बसत नाहीत, म्हणून जुन्या कौलाच्या पाठीवरचा छाप पाहून त्याच जातीची कौले मिळवावीत.

चिरलेल्या कौलावर सिमेंट लिंपण्याची सवय सर्वत्र आढळते, पण तो लेप उन्हात तापून सुटतो आणि पाणी त्याखाली अडकते. कौल बदलावे. छपराखाली घट्ट प्लॅस्टिक ताणणेही मला पटत नाही. त्याने गळती दिसेनाशी होते, मात्र वाफ कोंडून लाकूड आतल्या आत कुजते.

मोठे पाखे उतरवायचे असेल, तर एका वेळी तीन-चार ओळीच काढाव्यात. कौलांच्या बाजूच्या पन्हळीसारख्या खाचांतील माती, पाने आणि शेवाळ ताठ ब्रशने कोरडेच घासून काढावे. या खाचा तुंबल्या, की पाणी कडेवरून आत उतरते. याच वेळी प्रत्येक रिपेत स्क्रू ड्रायव्हरचे टोक खुपसून पाहावे. टोक सहज आत गेले, तर ती रीप बदलावी आणि नवी लावताना जुन्याच अंतरावर लावावी, नाहीतर वरची ओळ खालच्या ओळीवर पुरेशी चढत नाही. वाळवीसाठी काजूच्या टरफलांचे तेल लाकडावर लावण्याची जुनी रीत चांगली आहे. ते तेल कातडी भाजते, म्हणून उघड्या हाताने लावू नये. कौले पुन्हा मांडताना वळचणीपासून आढ्याकडे जावे.

आढ्यावरचे कोने, म्हणजे छपराच्या माथ्यावरची कौले, शेवटी पाहावेत. सैल झालेला कोना काढून जुना गिलावा खरवडावा, कोना पाण्यात भिजवावा आणि एक भाग सिमेंट, एक भाग चुना व सहा भाग चाळलेली वाळू यांच्या मिश्रणावर बसवावा. नुसत्या सिमेंटचा घट्ट माल लवकर तडकतो. वर ओले पोते टाकून सात दिवस तो ओला ठेवावा.

त्यानंतर पाइपाने पाणी सोडून चाचणी घ्यावी. वळचणीच्या ओळीपासून सुरुवात करून प्रत्येक ओळीवर काही मिनिटे पाणी सोडावे आणि आत एकाने खडूच्या खुणांकडे लक्ष ठेवावे. वरून सुरुवात केली, तर पाणी नेमक्या कोणत्या ओळीतून शिरते ते कळत नाही. उरलेली दहा-वीस कौले पडवीत उभी रचून ठेवावीत, म्हणजे श्रावणात एखादे फुटले तरी बाजाराकडे धावावे लागत नाही.