धुक्यातल्या सड्यावर जाण्यापूर्वी

पाऊस ओसरू लागला की भाद्रपदाच्या उत्तरार्धापासून राजापूर ते देवगड या पट्ट्यात पहाटेचे धुके खाडीतून वर चढते आणि जांभ्या कातळाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या सपाट पठारांवर, उन्हे वर येईपर्यंत रेंगाळते. सड्यावरची रानफुले तोवर टिकून असतात आणि उत्तरेकडून येणारे किनारपक्षी नुकतेच चिखलावर उतरू लागलेले असतात, त्यामुळे दोन्ही एकाच फेरीत पाहायचे असतील तर हेच काही आठवडे राखून ठेवावेत. धुक्यात नजर चार हातांवर अडते, हे मात्र आधीच मान्य करून तयारी करावी.

सर्वप्रथम दिनदर्शिका काढून तिथी पाहावी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला तीन वाजता आणि अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईकडे अधिक जुळतो, दक्षिणेकडे भरती त्याहून थोडी आधी येते, म्हणून नेमकी वेळ गावातल्या मच्छीमारालाच विचारावी. द्वितीया-तृतीयेला उजाडल्यानंतर लवकरच पाणी पूर्ण उतरते, चिखल उघडा पडतो आणि तुतवार, चिखल्या व समुद्री बगळे तेथे चरत असतात. अष्टमीच्या आसपास पहाटे खाडी भरलेली असते, तेव्हा तो दिवस सरळ सड्याला द्यावा. उघड्या चिखलाकडे निघताना परत फिरण्याची वेळ घड्याळात लावून ठेवणे आवश्यक आहे, कारण पाणी आधी पाठीमागच्या सखल ओहळात भरते आणि धुक्यात ते कळतही नाही.

आदल्या दिवशी दुपारीच पोहोचून, लख्ख उजेडात, संपूर्ण वाट एकदा चालून पाहावी. या पट्ट्यातले कित्येक सडे समुद्राकडे थेट कड्यावर संपतात आणि धुक्यात गवताची कड व कड्याची कड यांत फरक उरत नाही. एकदा लाटांचा आवाज अजून लांब आहे अशा समजुतीने मी पुढे जात राहिलो आणि एका गुराख्याने हाक मारली तेव्हा कडा जेमतेम दहा पावलांवर होता. तेव्हापासून मी परतीच्या खुणा, म्हणजे एखादी घळ, जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) किंवा एकटे झाड, वहीत क्रमाने लिहून नेतो. फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवावा आणि गळ्यात शिट्टी असावी. सडा बहुधा कोणाच्या तरी मालकीचा असतो, तेव्हा गावात विचारूनच वर जावे. त्या निमित्ताने कातळशिल्पे, म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रे, कुठे आहेत तेही कळते. कोकणातील ही शिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली आहेत, पण ओल्या कातळावर त्यांच्या रेषा पटकन दिसत नाहीत आणि पाय पडण्याचा धोका राहतो.

कपड्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लवकर वाळणारे, मळकट रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. पायात मात्र घोट्याच्या वर येणारे, शेवाळावर न घसरणारे बूटच हवेत. या कातळावर फुरसे हा विषारी साप विपुल आहे. ते दगडाखाली किंवा गवतात बसते आणि डिवचले गेले की अंगावरचे खवले घासून खरखर आवाज करते. म्हणून विजेरी घ्यावी, दगड उलथू नये आणि गुडघा टेकण्यापूर्वी जागा काठीने चाचपावी. प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवावे. दंश झालाच तर जखमेवर चिरा न देता, आवळपट्टी न बांधता तेथेच न्यावे.

कॅमेरा वातानुकूलित खोलीत ठेवून पहाटे बाहेर काढला तर भिंगावर बाष्प धरते आणि अर्धी सकाळ ते पुसण्यात जाते. तो रात्रभर पडवीतच, पिशवीत बंद करून ठेवावा. दुर्बीण घ्यावी, परंतु धुके असेपर्यंत तिचा उपयोग जवळजवळ नाही. त्या वेळात कानांनीच नोंदी होतात. टिटवी, चंडोल आणि दूर कुठे ओरडणारा मोर यांच्या दिशा व वेळा पेन्सिलीने लिहाव्यात, कारण दमट कागदावर शाई पसरते.

फुलांसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि गुडघ्याखाली घ्यायला गोणपाटाचा तुकडा एवढे पुरते. कातळावर मातीचा थर बोटभर असतो आणि तीत नत्र फार कमी, म्हणून पाणथळ जागी कीटकभक्षी वनस्पती फोफावतात. त्यांपैकी ‘सीतेची आसवे’ या वनस्पतीची जांभळी फुले वर डोलतात आणि तिच्या सूक्ष्म पिशव्या खाली पाण्यात जीव टिपतात. शेजारी गेंद या रानफुलाचे पांढरे गोळे असतात आणि कडेला तेरडा, ज्याची गौर म्हणून घरोघरी पूजा झालेली असते. कुंपणाशी कळलावी दिसली तर दुरूनच पाहावी, तिचे सर्व भाग विषारी आहेत. खाली वाळूवर मर्यादवेल आणि खाडीकाठी पांढरी चिपी असते, जी 2020 मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष (खारफुटीचे झाड) ठरली. तिची फुले रात्री उमलतात, म्हणून पहाटे खाली गळून पडलेले पुंकेसर शोधावेत.

दवबिंदू ही वनस्पती ओळखण्यासाठी मात्र घाई करून चालत नाही. धुक्यात प्रत्येक गवतपात्यावर थेंब असल्याने तिचे चिकट थेंब त्यांत मिसळून जातात. तेव्हा थर्मासमधून चहा न्यावा, एका ओल्या खोलगटाजवळ गोणपाट पसरून बसावे आणि ऊन येऊ द्यावे. गवतावरचे दहिवर उडून गेल्यावरही ज्या बारीक पानांवर थेंब तसेच चमकत राहतात, तीच ती.