कोपनहेगनच्या बाजारात स्मोरब्रोड: मागवण्याची आणि खाण्याची रीत

कोपनहेगनच्या विमानतळावर मेट्रोत बसले की गाडी न बदलता साधारण पंधरा मिनिटांत नॉरपोर्ट स्थानक येते. तेथे वर येऊन रस्ता ओलांडला की काचेच्या भिंतींच्या दोन लांबट इमारती समोर दिसतात. हाच टॉर्वेहॅलर्ने बाजार. या चौकात १८८९ पासून १९५८ पर्यंत शहराची मोठी भाजीमंडई भरत असे. ती दुसरीकडे हलल्यावर बरीच वर्षे जागा तशीच राहिली आणि २०११ मध्ये या दोन इमारती सुरू झाल्या. आत मासे, मटण, चीज, कॉफी आणि तयार खाण्याचे साठाहून अधिक गाळे आहेत. डेन्मार्कचे पारंपरिक स्मोरब्रोड, म्हणजे पावाच्या एका कापावर लोणी लावून वर मासे, मांस किंवा भाजी रचलेला उघडा तुकडा, ज्यांना पहिल्यांदाच खाऊन पाहायचा आहे, त्यांना मी उपाहारगृहात न नेता इथल्या गाळ्यावर नेतो, कारण उपाहारगृहात अनोळखी नावांची यादी हातात पडते, तर इथे प्रत्येक पदार्थ काचेमागे मांडलेला दिसतो आणि नुसते बोट दाखवले तरी काम भागते.

नावापासून सुरुवात करायची तर ‘स्मोर’ म्हणजे लोणी आणि ‘ब्रोड’ म्हणजे पाव. लिहिताना आपण स्मोरब्रोड असे लिहितो खरे, पण डॅनिश माणसाच्या तोंडी शेवटचा ‘ड’ इतका मऊ होतो की आपल्या कानाला तो ‘ल’सारखा लागतो. मधला स्वर काढण्यासाठी ओठ ‘ओ’ म्हणताना करतो तसे गोल करावेत आणि जिभेने ‘ए’ म्हणावे. जमले नाही तरी कोणी हसत नाही, कारण हा उच्चार शेजारच्या देशांतल्या लोकांनाही जड जातो.

हे दुपारचे खाणे आहे, तेव्हा वेळ सांभाळावी. साडेअकराच्या सुमारास पोहोचले तर काचेमागे सगळे प्रकार ताजे आणि पूर्ण असतात व बसायला जागाही मिळते. बारा ते दीड या वेळात आसपासच्या कचेऱ्यांतील माणसे येतात आणि रांग लांबते. संध्याकाळी उरलेसुरले तुकडे मिळतात, आणि तळलेल्या कांद्याचा कुरकुरीतपणा तोपर्यंत गेलेला असतो.

मागवण्याआधी पाव समजून घ्यावा, कारण बाकी सारे त्याच्यावर उभे असते. हा पाव राय या धान्याचा असतो. आपल्याकडे ‘राई’ म्हटले की मोहरी आठवते, परंतु हे गव्हाच्या नात्यातले, थंड हवेत आणि हलक्या जमिनीतही तग धरणारे धान्य आहे. त्याचे पीठ आणि भरडलेले दाणे आंबवून, साच्यात दाबून, मंद आचेवर बराच वेळ भाजतात. आंबवण्यासाठी मागच्या खेपेचे थोडे पीठ राखून ठेवतात, जसे आपण दह्यासाठी विरजण ठेवतो. तयार होतो तो पाव काळपट, ओलसर, जड आणि किंचित आंबट असतो, आणि त्याचे काप बोटापेक्षाही पातळ काढावे लागतात. सँडविचच्या पांढऱ्या फुलक्या पावाची अपेक्षा ठेवून पहिला घास घेणारा माणूस दचकतो. म्हणून शक्य असेल तर आधी नुसत्या पावाचा कोपरा तोडून चाखावा. दाण्यांना दाताखाली येणारा चिवटपणा आणि मागून येणारी आंबट चव एकदा ओळखीची झाली की वरच्या थरांचे प्रयोजन कळते.

पावावर लोणी असते आणि ते पावाच्या अगदी कडेपर्यंत पसरलेले असते. त्याचे काम चवीपुरते नाही. वरच्या माशाचे किंवा काकडीचे पाणी पावात उतरू नये म्हणून तो एक प्रकारचा लेप असतो. चावल्यावर दातांचे ठसे उमटावेत इतक्या जाड लोण्याला डॅनिश भाषेत ‘तांडस्मोर’, म्हणजे दाताचे लोणी, असा शब्दच आहे. लोण्यावर येतो मुख्य पदार्थ, आणि त्याच्यावर सजावट. या सजावटीला शोभेची वस्तू समजून बाजूला सारणे ही नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक असते. कशावर काय यायचे हे ठरलेले असते: भाजलेल्या गोमांसावर हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळाचा कीस, तळलेला कांदा आणि रेमुलाड हे मेयोनीजचे पिवळे सॉस, कोळंबीवर लिंबू आणि शेपूची काडी, यकृताच्या लगद्यावर बेकन आणि परतलेले मशरूम. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि जेवणाऱ्याला त्या का आहेत हे सांगावे लागत नाही, तसेच हे आहे. फरक इतकाच की आपण ताटात प्रत्येक गोष्ट वेगवेगळी घेतो, आणि येथे एका घासात सगळे थर एकदम यावे लागतात.

या कामाचे रीतसर शिक्षण असते आणि ते घेतलेल्या बाईला ‘स्मोरब्रोड्सयोम्फ्रू’, म्हणजे स्मोरब्रोडची कुमारिका, असे जुन्या वळणाचे नाव आहे. गाळ्यावर गर्दी नसेल तर पाच मिनिटे थांबून हात कसे चालतात ते पाहावे. अंडी आणि कोळंबीचा तुकडा करताना ती पावावर लोणी एका झटक्यात कडेपर्यंत ओढते, उकडलेल्या अंड्याच्या चकत्या कौलांसारख्या एकीवर एक सरकवून लावते, मध्ये मेयोनीजची एक रेघ काढते आणि त्यावर बारीक गुलाबी कोळंबीचा असा ढीग रचते की खालचे अंडे फक्त कडांनी दिसावे. मग लिंबाच्या चकतीला अर्ध्यापर्यंत चीर देऊन, पीळ घालून ती ढिगावर उभी करते. शेवटी शेपूची एक काडी येते, दोन नाहीत. पाव मात्र कोठेही दिसत नाही. पाव दिसला तर तो घरचा साधा तुकडा, डब्यात नेऊन हाताने खायचा, आणि त्याला नावही निराळे आहे, ‘हॉन्डमाद’, म्हणजे हातातले खाणे.

आता निवड. भूक कितीही असली तरी प्रथम दोनच तुकडे मागवावेत. दिसायला ते लहान वाटतात, पण पाव जड असतो आणि तिसरा तुकडा बहुतेकांना संपत नाही. क्रम मात्र पाळावा. आधी हेरिंग मासा, मग इतर मासे किंवा कोळंबी, मग मांस, आणि शेवटी चीज. घरच्या मेजवानीत हेरिंगनंतर ताटली बदलण्याची पद्धत आहे, कारण त्याचे आंबटगोड पाणी पुढच्या पदार्थाची चव बिघडवते. गाळ्यावर दोन्ही तुकडे एकाच ताटलीत आले तर निदान ते एकमेकांना लागणार नाहीत इतके अंतर ठेवून मागावे.

हेरिंगबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण पुष्कळ मराठी मंडळी नेमके तेच टाळतात. हेरिंग हा आपल्या तारलीच्या कुळातला मासा आहे. तो आधी मिठात मुरवतात, मग मीठ उतरवून व्हिनेगर, साखर, कांदा, तमालपत्र आणि मिरीदाण्यांच्या पाण्यात ठेवतात. तो शिजवलेला नसतो, पण सुशीसारखा कच्चाही नसतो. आपण त्याला माशाचे गोड लोणचे म्हटले तर फारसे चुकणार नाही. पहिल्या घासाला गोडवाच जास्त जाणवतो, आणि मासा गोड लागणे हे आपल्या जिभेला पटायला वेळ लागतो. ज्यांना धाडस होत नाही त्यांनी ‘कारीसिल’ मागावे. त्यात हेरिंगचे तुकडे मेयोनीज, सफरचंद आणि करी पावडरच्या पिवळ्या मिश्रणात असतात. ही करी पावडर पाहून आपल्या मसाल्याची आस धरू नये, तिखटपणा जवळजवळ नसतोच. पण हळदीचा ओळखीचा वास येतो आणि पहिली पायरी सोपी होते. वर सांगितलेल्या रेमुलाडचा पिवळा रंगही हळदीचा किंवा करी पावडरचाच असतो, तेव्हा ते मोहरीचे सॉस समजू नये.

दुसऱ्या तुकड्यासाठी माझी पसंती तळलेल्या प्लेस माशाला. हा लेपीसारखा चपटा मासा असतो, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात आणि गरमच ठेवतात. लिंबू पिळले की पापलेटचे तुकडे खाणाऱ्या माणसाला घरी आल्यासारखे वाटते. त्याच्या जोडीला उकडलेला मासा आणि कोळंबी असलेला ‘स्टिएर्नेस्कुड’, म्हणजे तुटता तारा, हा प्रकार दिसायला राजेशाही असतो, परंतु तो बहुधा पांढऱ्या पावावर येतो. पहिल्याच दिवशी तो घेतला तर ज्या पावासाठी आलो तोच हुकतो. ‘डूरलेगेन्स नॅटमाद’, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांचे रात्रीचे खाणे, यात डुकराच्या यकृताचा लगदा, खारवलेले गोमांस आणि कांद्याच्या चकत्या येतात. मांस खाणाऱ्यांसाठी तो उत्तम, पण काय खातो आहोत हे माहीत असूनच घ्यावा.

शाकाहारी माणसाने निराश होण्याचे कारण नाही, फक्त चौकशी नीट करावी. ‘कार्टॉफलमाद’ हा उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांचा तुकडा. त्यावर मेयोनीज, बारीक चिरलेली कांद्याची कोवळी पात आणि तळलेला कांदा असतो. बटाटा आणि पाव एकत्र ही कल्पना वडापाव खाणाऱ्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. अंडे चालत असेल तर हा, किंवा अंडे आणि टोमॅटोचा तुकडा, निर्धास्त घ्यावा. चालत नसेल तर मेयोनीज न घालता द्यायला सांगावे. तीन ठिकाणी मात्र फसगत होते. काही तुकड्यांत लोण्याऐवजी चरबी लावलेली असते, बटाट्यावर कधीकधी बेकनचा चुरा असतो, आणि जुन्या मुरलेल्या चीजवर जे तपकिरी थरथरते चौकोन दिसतात ते मांसाच्या रश्श्याचे गोठवलेले तुकडे असतात. ‘उदेन कोल’ म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करावेत, आणि त्यानंतर मासेही नकोत हे इंग्रजीत स्पष्ट सांगावे, कारण मांस नको म्हणणाऱ्यापुढे मासा ठेवला जाण्याची शक्यता असते. इंग्रजी तेथे सर्वांना येते. डॅनिश भाषेत ‘कृपया’ला सरळ शब्द नाही, वाक्याच्या शेवटी ‘ताक’, म्हणजे आभार, जोडले की नम्रता पोहोचते. ‘तो स्टूकर, ताक’ म्हणजे दोन तुकडे द्या.

पैशांचे थोडक्यात. डेन्मार्कमध्ये युरो नाही, क्रोनर चालतात, आणि एक क्रोनर साधारण १४ रुपयांचा धरावा. एका तुकड्याला शंभर क्रोनरच्या आसपास खर्च येतो, काही स्वस्त तर काही महाग. फलकावरच्या किमतीत २५ टक्के कर धरलेलाच असतो, बक्षिशी अपेक्षित नसते आणि कार्ड सर्वत्र चालते.

खाण्यासाठी सुरी आणि काटा घ्यावा आणि खाली बसावे. मी पहिल्यांदा आलो तेव्हा हा नियम शिष्टाचारापुरता असेल असे समजून बटाट्याचा तुकडा हातात उचलला. वरचा निम्मा कांदा बाहीत गेला, बटाट्याच्या दोन चकत्या मांडीवर आल्या आणि हातात फक्त लोणी लावलेला पाव राहिला. सुरी तुकड्याला काटकोनात धरून एका टोकाकडून बोटभर रुंदीचे काप करत जावे. सुरी वरून दाबली तर थर घसरतात, म्हणून काट्याने वरचे सगळे धरून सुरी करवतीसारखी मागेपुढे चालवावी. प्रत्येक घासात पाव, लोणी, मुख्य पदार्थ आणि सजावटीचा काही अंश आला पाहिजे. वरची कोळंबी आधी वेचून खाणाऱ्याला शेवटी कोरडा पाव चघळत बसावे लागते.

सोबत बिअर किंवा स्नॅप्स घेण्याची रीत आहे. स्नॅप्स हे शहाजिऱ्यासारख्या किंवा शेपूच्या वासाचे कडक मद्य असते, हेरिंगचा तेलकटपणा तोडायला त्याचा उपयोग होतो, आणि ते लहान पेल्यातून येते. ‘स्कोल’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे, घोट घेतल्यावर पुन्हा पाहायचे, मगच पेला खाली ठेवायचा. न पिणाऱ्याने एल्डर नावाच्या झुडपाच्या फुलांचे सरबत मागावे. ते गोडसर असल्याने हेरिंगबरोबर नको, प्लेसबरोबर चालते.

बाजारात जागा न मिळाल्यास तुकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधून मिळतात. खोके आडवेच धरावे, पिशवीत उभे ठेवले तर सगळे थर एका बाजूला जमा होतात. पाच मिनिटांवर ओर्स्टेड्सपार्क ही बाग आहे, तेथे तळ्याकाठी बाक असतात. लाकडी काटासुरी मिळाली तर पावाची कड तिने सहसा कापली जात नाही, म्हणून बांधून घेतानाच प्रत्येक तुकडा मधोमध कापून द्यायला सांगावे आणि कडेचा भाग शेवटी, कोणी बघत नसताना, हाताने खावा.