गुप्तवार्ता खात्यात डेटाचं काम करायचंय? सुरुवात इथून करा

'डेटा अ‍ॅनालिस्ट' या नावाची जाहिरात शोधत बसलात तर वर्षं निघून जातील. इंटेलिजन्स ब्युरो, म्हणजे आयबी, किंवा दिल्लीतल्या तशाच इतर खात्यांत सुरुवातीची पदं वेगळ्याच नावांनी निघतात. मी लातूरला पदवीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. या वाटेने जायचं मनावर घेतलेली मुलंमुली दरवर्षी भेटतात. हुशारी असते, कष्टाची तयारी असते, पण कुठल्या परीक्षेतून कुठलं पद मिळतं हेच त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं पद म्हणजे आयबीचं कनिष्ठ गुप्तवार्ता अधिकारी, श्रेणी दोन, तांत्रिक. इलेक्ट्रॉनिक्स, आयटी किंवा कॉम्प्युटरचा डिप्लोमा, बीसीए, किंवा इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, फिजिक्स, गणित यांपैकी विषय घेऊन केलेली बीएस्सी चालते. वय १८ ते २७, आरक्षणानुसार सवलत. २०२५ मध्ये ३९४ जागा निघाल्या, त्याआधी २०२३ मध्ये ७९७ होत्या. लेखी परीक्षेत दोन तासांत १०० प्रश्न. त्यातले ७५ प्रश्न विषयाचे, २५ बुद्धिमत्तेचे, आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. मग प्रात्यक्षिक आणि मुलाखत. मूळ पगार २५,५०० पासून आणि त्यावर २० टक्के विशेष सुरक्षा भत्ता. आमच्या भागातल्या डिप्लोमा आणि बीसीएच्या मुलांना ही पायरी सगळ्यांत जवळची आहे, आणि नेमकी तीच त्यांना माहीत नसते.

यापुढची पदं गेटच्या, म्हणजे इंजिनिअरिंग आणि विज्ञान विषयांच्या देशपातळीवरच्या परीक्षेच्या, गुणांवर मिळतात. आयबीचा सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी, तांत्रिक, हे पद बीई-बीटेक किंवा एमसीएवाल्यांसाठी. २०२५ मध्ये २५८ जागा होत्या, त्यातल्या ९० कॉम्प्युटर आणि आयटीच्या, बाकीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या. मूळ पगार ४४,९०० पासून. दुसरी जाहिरात मंत्रिमंडळ सचिवालयाची, डेप्युटी फील्ड ऑफिसर, तांत्रिक. २०२५ मध्ये २५० जागा. कॉम्प्युटरच्या १२४, इलेक्ट्रॉनिक्सच्या ९५, आणि डोळ्यांत भरेल असा वेगळा रकाना, डेटा सायन्स आणि एआयच्या १० जागा. संख्याशास्त्राला २ आणि गणितालाही २. वयाची अट ३० पर्यंत. अर्ज छापून, भरून, लोधी रोडच्या टपाल कार्यालयातल्या पोस्ट बॅगवर टपालाने पाठवायचा. त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट बघायची सोयच नाही. लातूरहून दिल्लीला साधं टपाल पोचायला किती दिवस लागतात याचा हिशेब आधीच करा.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, गेटला पेपर कुठला निवडायचा. डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर २०२४ पासून सुरू झाला. नाव आकर्षक आहे, आणि अभ्यासक्रमही खरोखर चांगला आहे: संभाव्यता, रेषीय बीजगणित, पायथन, डेटाबेस, मशीन लर्निंग. पण आयबीच्या तांत्रिक जाहिरातीत कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्स या दोनच पेपरांचे गुण मोजले गेले. फक्त डेटा सायन्सचा पेपर दिलात तर मंत्रिमंडळ सचिवालयाच्या त्या १० जागांपुरतं तुमचं भवितव्य बांधलं जातं. इंजिनिअरिंगच्या मुलांना माझं ठाम सांगणं, मुख्य पेपर कॉम्प्युटरचा धरा, डेटा सायन्स जोडीला घ्या. गेटला ठरावीक जोड्यांत दोन पेपर देता येतात. एमएस्सी संख्याशास्त्रवाल्यांनी मात्र संख्याशास्त्राचाच पेपर द्यावा. जागा दोनच असल्या तरी त्यांचा खरा कस तिथेच लागतो. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून गेट देता येते, गुण तीन वर्षं चालतात, फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते.

परीक्षेच्या पलीकडे हात कशावर बसवायचा? सगळे मशीन लर्निंगच्या मागे धावतात. मी माझ्या मुलांना नावं जुळवायला बसवते. एका फाइलमध्ये 'गणेश बाबुराव देशमुख', दुसरीत 'देशमुख जी. बी.', तिसरीत रोमन लिपीत आणि आडनावाचं स्पेलिंग निराळं. जाधवांचं बघा. मराठवाड्यात शेवटी व्ही लिहितात, विदर्भात ओ. चौधरी, वाघ, शिंदे यांची तर प्रत्येक कार्यालयागणिक वेगळी रूपं. कुणाच्या मोबाइल नंबरापुढे शून्य, कुणाच्या पुढे ९१. जन्मतारखेच्या रकान्यात अर्ध्या गावाची १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली. ही तारीख जुळली म्हणून दोन नोंदी एकाच माणसाच्या, असं संगणक बेधडक सांगतो. आपल्याकडच्या माणसाला मात्र ठाऊक असतं की १ जून जुळणं म्हणजे काहीच न जुळणं.

हा सराव घरी सहज होतो. कुठल्याही खऱ्या माणसाची माहिती वापरायची नाही. स्वतः दोनेकशे बनावट नावं तयार करा, त्यांच्या मुद्दाम बिघडवलेल्या तीन याद्या करा आणि पायथनने किंवा नुसत्या एक्सेलने त्या जुळवा. दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा: एकाच माणसाच्या नोंदी किती सुटल्या, आणि दोन वेगळी माणसं चुकून किती ठिकाणी एक झाली. दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या क्षेत्रात तो आकडा म्हणजे कुणीतरी निरपराध माणूस, ज्याच्या नावावर दुसऱ्याची नोंद चढली. हे ज्याला आतून टोचत नाही, त्याने या कामाला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दाखल्यांकडे या. महाराष्ट्रातली मुलं इथे हमखास अडतात. केंद्राच्या नोकरीला ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातच लागतं, आणि जात केंद्रीय यादीत असावी लागते. आपल्याकडचे विमुक्त, भटके हे वेगळे प्रवर्ग केंद्रात नाहीत. त्यांतल्या बहुतेक जाती तिथे ओबीसीत येतात, पण आपली जात यादीत स्वतः शोधून खात्री करा. राज्याचं एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाचं, आरक्षण केंद्रात लागू नाही. तिथे अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला काढा. हे सगळं जाहिरात निघण्याआधी तहसील आणि प्रांत कार्यालयातून हातात असू द्या. दहावीच्या सनदेवरचं नाव, आधार आणि पदवी यांत एका अक्षराचा फरक असेल तर तोही आत्ताच दुरुस्त करून घ्या.

निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते. त्या फॉर्मात गेल्या काही वर्षांतले राहण्याचे पत्ते, शाळा-कॉलेजं, गुन्हा नोंद असेल तर ती, सगळं खरंखरं लिहायचं असतं. साधी नोंद लपवली तर ती लपवणंच नडतं. पुण्यात खोल्या बदलत अभ्यास केलेल्यांनी पत्ते आणि तारखा आतापासून वहीत लिहून ठेवाव्यात.

आणि घरात बोलून घ्या. बदली देशात कुठेही होते. १९८५ च्या कायद्याने या संस्थांतल्या लोकांच्या संघटना करण्यावर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर बंधनं घातली आहेत. गोपनीयतेचा १९२३ चा कायदा आहेच. गावात सत्काराचा फ्लेक्स लागणार नाही, हे आईवडिलांना आधी सांगितलेलं बरं. अर्ज भरल्यापासूनच स्टेटसला काही टाकू नका. 'रॉमध्ये थेट भरती' म्हणून पैसे मागणारा फोन आला तर तो भामट्याचा आहे, दुसरं काही नाही. परीक्षा शुल्काखेरीज या भरतीत कुणालाही एक रुपया द्यायचा नसतो. जाहिरात गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर किंवा रोजगार समाचारमध्ये नसेल तर ती नाहीच असं समजा.

या भरत्यांचं वेळापत्रक ठरलेलं नसतं, म्हणून जोडीला एसएससी सीजीएलचा, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेचा, फॉर्म भरा. त्यातलं कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी हे पद संख्याशास्त्राच्या मुलांना जवळचं आहे. १०० प्रश्न, २०० गुण, दोन तासांचा स्वतंत्र पेपर, आणि गेटसाठी केलेल्या संभाव्यतेच्या अभ्यासातला बराच भाग तिथे जसाच्या तसा उपयोगी पडतो.